सुतळीची गाठ

ताई,

तुम्ही खोली रिकामी केलीत त्या आठवड्यात आम्ही सगळे पाटणला यात्रेला गेलो होतो. परत आलो तर वरच्या मजल्याला कुलूप. तुमचा निरोप घ्यायचा राहिला, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण माझ्या वडिलांसारखी, अण्णांसारखी, रक्ताच्या कर्करोगाची गोळी सुरू असलेली आणखी माणसं आसपास असतीलच.

अण्णांनी तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडीचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी डाव्या बरगडीखाली जड वाटू लागलं, जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दोन लाखांवर. अकरा हजारांच्या आत हव्यात, हेसुद्धा आम्हाला तेव्हाच कळलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग. रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिबची गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत आकडे जागेवर आले. आईने कुलदैवताची ओटी भरली.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. गहू चाळायला काढले तेव्हा डब्याच्या तळाशी गोळ्यांची पाकिटं सापडली, भरलेली. सकाळी डोळे सुजायचे, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे आणि रिपोर्ट तर नॉर्मल होता, म्हणून अण्णांनी पाच आठवडे गोळी बंद ठेवली होती. मी ओरडलो, आई रडली, अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. आवाज ऐकून तुम्ही खाली आलात.

तुम्ही अण्णांना एका शब्दानेही बोलला नाहीत. त्यांच्याकडे सुतळी मागितलीत, एक साधी आणि एक हळदीत बुडवलेली. एक नऊ नंबरचं गुणसूत्र, दुसरं बावीस नंबरचं. दोन्ही कापलीत आणि तुकड्यांची अदलाबदल करून गाठी मारल्यात. एका गाठीवर बोट ठेवून म्हणालात, "अण्णा, आजार इथे आहे. इथे दोन जनुकं चुकून जोडली गेली, त्यातून एक प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला सारखं सांगत राहतं, वाढ, वाढ. गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचं तोंड बंद करते. गोळी थांबली की ते पुन्हा बोलायला लागतं."

नॉर्मल रिपोर्टचा अर्थही तेव्हाच उमगला. साध्या तपासणीत पेशींची मोजदाद होते, गाठ दिसत नाही. ती शोधायला पीसीआर लागतं, म्हणजे जोडलं गेलेलं ते जनुक हुडकणारी तपासणी. दहा हजारांत, कधी लाखात एक पेशी उरली असली तरी ते पकडतं. यावर अण्णा पहिल्यांदा बोलले, "म्हंजी गोणी वरनं चांगली, पर आत एक कांदा सडका." तुम्ही म्हणालात, अगदी तसंच.

पण माझ्या मते अण्णांचं मन वळलं ते त्यानंतरच्या गोष्टीने. १९६० मध्ये फिलाडेल्फियात दोन शास्त्रज्ञांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. उरलेला तुकडा गेला कुठे, ते १९७३ मध्ये जॅनेट राउली या बाईंनी शोधलं, घरातल्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून, जुळवून. गोळीला मंजुरी मिळाली २००१ मध्ये. आणि तुम्ही संशोधनासाठी खारघरच्या प्रयोगशाळेत ज्या पेशी वाढवत होतात, त्या अशाच आजाराच्या एका बाईंच्या, १९७० च्या दशकात घेतलेल्या. त्या बाई केव्हाच गेल्या, पेशी अजून वाढताहेत. त्यांना खाद्य द्यायला तुम्ही रविवारीही बस पकडायचात. आम्हाला वाटायचं, मुलगी घरी जात असेल.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चाळीस वर्सं लागली व्हय गं पोरी ह्या गोळीला? आन मी ती गव्हात टाकली."

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःहून गोळी घेतली, तांब्याभर पाण्यासोबत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बजावलंत की मी डॉक्टर नाही, मधला खंड लपवू नका, डॉक्टरांना खरं सांगा. आम्ही सांगितलं. तेव्हाचा पीसीआर, म्हणजे त्या जोडलेल्या जनुकाचं प्रमाण, १४ टक्के आला. पुढे तो उतरत गेला आणि मागच्या महिन्यात ०.०८ टक्के आला. डॉक्टरांना ०.१ च्या खाली हवा होता. पोटऱ्यांत गोळे अजून येतात, आई तेल चोळून देते.

तुमचा प्रबंध पूर्ण झाला, पुढच्या कामासाठी तुम्ही बेंगळुरूला गेलात, असं घरमालकांनी सांगितलं. तिथेही रविवारी पेशींना खाद्य द्यायला जावं लागत असणार. जेवून जात जा.

सुतळीची ती गाठ कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली आहे. घराला रंग दिला तेव्हा रंगारी ती काढत होता. अण्णांनी त्याला थांबवलं, स्वतः उतरवून खिशात ठेवली आणि रंग वाळल्यावर परत टांगली.

तुमच्या खालच्या मजल्यावरचा,
अण्णांचा मुलगा
कोपरखैरणे