पैसे भरणाऱ्याचीच झडती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमच्या पायरसीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, ते मान्य. पण ऑनलाइन पास (नव्या डिस्कसोबत येणारा एकदाच चालणारा कोड), डेनुवो (गेमची चोरटी नक्कल रोखणारं सॉफ्टवेअर), सर्व्हरवरची हजेरी (इंटरनेटवरून कंपनीकडे होणारी तपासणी) हे सगळं एकाच पोत्यात भरून शेवटी ‘प्रामाणिक ग्राहकाने थोडी कळ सोसायला काय हरकत आहे’ असा जो शहाजोग सल्ला दिला आहे, तो काही पचला नाही.

पहिली गोष्ट, ऑनलाइन पासचा पायरसीशी काडीचा संबंध नव्हता. चोरीची प्रत खेळणारा कंपनीच्या अधिकृत सर्व्हरच्या वाटेला सहसा जातच नाही. गेला तर कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर) बंदी येते, हे त्याला आधीच माहीत असतं. पास होता तो जुनी डिस्क विकत घेणाऱ्यासाठी. ज्या डिस्कचे पैसे कंपनीला एकदा मिळून चुकलेत, तिच्यावर दुसऱ्यांदा वसुली करायची ती योजना होती. लेखात तिला ‘पायरसीविरोधी उपाय’ म्हटलं आहे.

मे २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने ही पासची योजना जाहीर केली आणि टायगर वुड्सच्या गोल्फच्या गेमपासून सुरुवात केली. नव्या डिस्कच्या डबीत एक कागद, त्यावर एकदाच चालणारा कोड. तो कन्सोलवर टाइप करायचा की खात्याला चिकटतो आणि मल्टिप्लेअर (इंटरनेटवरून इतरांसोबत खेळायचा भाग) उघडतो. डिस्क पुढे विकली तरी कोड पहिल्या मालकाच्या खात्यातच राहतो. नव्या मालकाने सात दिवस फुकट खेळायचं आणि मग दहा डॉलर मोजायचे. टीएचक्यूने पाच डॉलरवर भागवलं, यूबीसॉफ्टने ‘यूप्ले पासपोर्ट’ काढला, सोनीनेही आपला पास आणला. सगळ्यांचं म्हणणं एकच, सर्व्हर चालवायला खर्च येतो. येतो ना! पण डिस्क एक, खेळणारा एक. पहिल्याने डिस्क विकली त्या दिवशी तो सर्व्हरवरून उठला आणि त्याच्या जागी दुसरा बसला. खुर्ची तीच, भाडं मात्र दोनदा.

प्लेस्टेशन ३ वर आणखी एक मेख होती. डिस्क कोणत्याही प्रदेशातली (अमेरिका, युरोप अशा विक्रीच्या विभागातली) चालायची, कोड मात्र त्याच प्रदेशाच्या खात्यावर. म्हणजे सील नुकतंच फोडलेली कोरी डिस्क, कोड अक्षरन् अक्षर बरोबर, आणि पडद्यावर ‘कोड चुकीचा आहे’. बिचारा माणूस शून्य आणि ‘ओ’ची अदलाबदल करत बसायचा. खरा उपाय होता तो असा: त्या प्रदेशाचं दुसरं खातं उघडायचं, कोड तिथे भरायचा, पास त्या खात्यावरून कन्सोलवर उतरवायचा आणि मग आपल्या नेहमीच्या खात्यावरून गेम सुरू करायचा. बहुतेक गेममध्ये उतरवलेला पास त्या कन्सोलवरच्या इतर खात्यांनाही लागू पडायचा, म्हणून हे जमायचं. ही वाट कंपनीने कुठेही छापली नव्हती. खेळणाऱ्यांनीच एकमेकांना सांगितली.

आता सर्व्हरच्या खर्चाचा विषय निघालाच आहे तर लेखकाने ‘बॅटमॅन: आर्कम सिटी’ का वगळला? ऑक्टोबर २०११ मध्ये आलेला हा गेम. मल्टिप्लेअर नाहीच, एकट्याने खेळायचा, सर्व्हरचा प्रश्नच नाही. तरी कन्सोलच्या प्रतींमध्ये कॅटवुमनचा सगळा भाग कोडच्या कुलपात. कोड आधीच भरलेला असेल तर गेमची सुरुवातच तिच्या आणि टू-फेस या खलनायकाच्या प्रसंगाने होते. नसेल तर तो प्रसंग वगळून थेट ब्रूस वेनवर, म्हणजे बॅटमॅनवर. पुढे मूळ कथेत जिथे जिथे तिचं प्रकरण यायचं, तिथे पान गाळल्यासारखं गेम पुढे सरकतो. जुनी डिस्क घेणाऱ्याला त्यासाठी दहा डॉलर. आणि ज्यांनी नवी डिस्क घेतली पण कन्सोलला इंटरनेट जोडलेलं नाही, त्यांचं काय? त्यांनी पूर्ण पैसे भरलेले, कोडचा कागद हातात, पण तो भरायला जागा नाही. वर कडी म्हणजे काही नव्या डब्यांत कागदच निघाला नाही. मग पावती घेऊन दुकानाच्या नाहीतर कंपनीच्या मागे लागा. यात चोर कुठे आहे, ते मला लेखकाने दाखवून द्यावं. त्याच्या प्रतीत कॅटवुमन पहिल्या मिनिटापासून हजर होती, पहिल्या प्रसंगासकट.

२०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पास बंद केला, तेव्हा बरं वाटलं होतं. पण त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी नियम सांगितला: स्वतःच्या कन्सोलला दर चोवीस तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी, दुसऱ्याच्या कन्सोलवर खेळत असाल तर दर तासाला. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांत, १९ जूनला, तो मागे घ्यावा लागला. कालच्या लेखाच्या भाषेत हे ‘थोडी कळ न सोसणारे’ ग्राहक. त्यांनी बोंब मारली नसती तर आज डिस्क नावाची वस्तू शोभेपुरती उरली असती.

आता खऱ्या पायरसीविरोधी कुलपांबद्दल. ‘स्पोर’ हा गेम २००८ मध्ये सेक्युरॉम नावाचं नक्कलरोधक कुलूप लावून आला. गेम तीनच वेळा ॲक्टिव्हेट (कंपनीकडून मंजूर करून चालू) करता यायचा. विंडोज नव्याने टाकली, एक संपला. हार्ड डिस्क बदलली, दुसरा गेला. गेम काढून टाकला तरी मोजणी परत मिळत नव्हती, ती परत देणारं साधन कंपनीने नंतर दिलं. सेफडिस्क या जुन्या डिस्कवरच्या कुलपाची कथा तर औरच. सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने विंडोज ७ आणि ८ वर त्याचा ड्रायव्हर (विंडोजच्या आत चालणारा त्याचा छोटा प्रोग्रॅम) बंद पडला, विंडोज १० मध्ये तो नव्हताच. मायक्रोसॉफ्टने केलं ते योग्यच, कारण तो ड्रायव्हर म्हणजे संगणकाला पडलेलं भगदाड होतं. पण परिणाम काय? कपाटातली मूळ डिस्क ड्राइव्हमध्ये फिरते आणि गेम उघडत नाही. विंडोज ७ वर निदान ॲडमिन म्हणून कमांड देऊन तो ड्रायव्हर खेळापुरता चालू करता येतो आणि खेळ झाल्यावर पुन्हा बंद. विंडोज १० वर ती सोय नाही. मग पैसे देऊन घेतलेला गेम चालवायला माणूस नको त्या साइटवरून क्रॅक (कुलूप तोडणारी फाइल) उतरवतो आणि सोबत व्हायरसही घेऊन येतो. चोरी रोखणाऱ्या कुलपाने गिऱ्हाइकालाच चोरबाजारात नेऊन सोडलं.

डेनुवोचं कौतुक लेखात दोनदा आहे, म्हणून हेही छापा. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांत मोठे कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) वेगळे आणि काटकसरीचे छोटे कोर वेगळे. काही गेममधल्या डेनुवोला वाटलं, हे दोन निरनिराळे संगणक आहेत! गेम सुरू होताना किंवा ऐन रंगात आला असताना बंद पडायचा. इंटेलने अशा पन्नासेक गेमची यादीच प्रसिद्ध केली. तात्पुरता उपाय: बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘लेगसी गेम कम्पॅटिबिलिटी मोड’ चालू करा, सेव्ह करा, विंडोज सुरू झाली की गेम उघडण्याआधी कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबा म्हणजे छोटे कोर झोपतात, खेळून झालं की पुन्हा दाबा म्हणजे उठतात. स्क्रोल लॉकचा काही उपयोग असतो, हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल. नंतर दुरुस्त्या आल्या, पण तोवर सगळ्यात महागडा नवा संगणक घेणाराच ताटकळला.

लिनक्सवर खेळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गेम नीट चालेना म्हणून प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आवृत्त्या बदलून बदलून पाहत असाल तर डेनुवो प्रत्येक आवृत्तीला नवं यंत्र समजतो. चोवीस तासांत अशी पाच ‘यंत्रं’ झाली की गेम कुलूपबंद, दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यामुळे एका बैठकीत दोनतीन आवृत्त्यांपलीकडे जाऊ नये.

आणि ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’? मे २०२१ मध्ये आला तेव्हा पीसीवर गोळी लागून शत्रू कोसळताना चित्र अडखळायचं. जुलैमध्ये क्रॅक आला आणि क्रॅकवाल्यांकडे तेच प्रसंग सुरळीत चालले. डेनुवोच्या जोडीला कॅपकॉम या त्याच्या कंपनीने स्वतःचंही कुलूप घातलं होतं, त्याच्या तपासण्या नेमक्या नको त्या क्षणी चालत होत्या. लगेच कॅपकॉमची दुरुस्ती आली. म्हणजे दोन महिने पैसे देणाऱ्यांना खराब माल, आणि दुरुस्ती चोरांनी लाज आणल्यावर.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. गेमची विक्री पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक होते, तेवढ्यापुरतं कुलूप समजू शकतो. पण मग ते काढा की! ‘डूम’ मे २०१६ मध्ये आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यातून डेनुवो काढलं. आकाश कोसळलं नाही. उलट ‘द क्रू’ पाहा. कथा एकट्याने खेळता येत असूनही सर्व्हरशिवाय उघडायचा नाही. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला, डिस्क निकामी. कुलपाला शेवटची तारीख नसली की हे असं होतं.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला गेमचं परीक्षण येतं. तारे मोजून दिलेले असतात, ग्राफिक्सची वाहवा असते, पण विकत घेणाऱ्याला लागणारी माहिती एका ओळीचीही नसते. इंटरनेट काढल्यावर गेम उघडतो का, डिस्कवर पूर्ण गेम आहे की नुसती डाउनलोडची किल्ली, डेनुवो आहे का, कंपनीचं वेगळं खातं काढावं लागतं का, एवढं तरी छापा. तपासायला फार लागत नाही. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर) गेम एकदा ऑनलाइन असताना मुख्य मेनूपर्यंत न्यायचा, बंद करायचा, स्टीम ऑफलाइन करायचं, नेटची वायर काढायची आणि पुन्हा उघडून पाहायचा. प्लेस्टेशन ५ वर डिजिटल गेम असेल तर आधी सेटिंग्जमध्ये ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू आहे ना ते बघायचं, नाहीतर नेट गेल्यावर स्वतःचाच गेम कुलपाआड दिसेल आणि दोष उगाच गेमला लागेल.

जाता जाता, आपल्या ई-पेपरची वर्गणी वर्षाची आगाऊ भरूनही मोबाइलवर अंक उघडला की संगणकावरून बाहेर काढलं जातं आणि पुन्हा ओटीपी मागितला जातो. कालचा लेख शेवटपर्यंत वाचायला दोन ओटीपी लागले. अंकाची पीडीएफ मात्र पहाटेपासूनच मोबाइलवर फुकट फिरत असते.

ऑनलाइन पासबद्दलची दुरुस्ती तेवढी छापावी. ती पहिल्या पानावर नको, पुरवणीत चालेल.

कळावे,
एक वर्गणीदार वाचक