रेघेचा अर्थ विचारणाऱ्या ताईंस

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्यासमोर उभं राहून हे बोलायला गेलो असतो तर गळा दाटून आला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

गगनबावडा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या पर्जन्यमापकाच्या २२ वर्षांच्या नोंदी घेऊन मी आधी संगणकाच्या दुसऱ्या एका क्लासला गेलो होतो. तिथं सुरुवातच सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेनं. जुलैचे ३१ आकडे रांगेत भरले आणि १ ते ३१ अशी बेरीज मागितली. त्या भाषेत रांग शून्यापासून मोजतात, त्यामुळे पहिला दिवस सुटला आणि शेवटचं घर रांगेबाहेर गेलं. भाषेनं मला अडवलं नाही. बाहेर जे काही पडलं होतं ते बेरजेत धरून भलताच आकडा समोर आला. का, असं विचारलं तर सर सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "ताकदवान भाषा आहे गुरुजी, इंजिनिअरांची. तुम्ही एक्सेल करा." ३४ वर्षं मी वर्गात उभा राहिलो, प्रश्न विचारणाऱ्याला असं कधी खाली बसवलं नाही. ते अजून बोचतं.

मग तुमच्याकडं आलो. तुम्ही पायथॉन ही दुसरी प्रोग्रामिंगची भाषा उघडलीत. तीही काही दुबळी भाषा नव्हे, हवामानाचे आणि खगोलाचे अभ्यासक तिच्यावर काम करतात. पण १९९१ मध्ये ती बाहेर आणणारे गिडो व्हान रॉसम त्याआधी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एबीसी या भाषेवर काम करत होते, आणि एबीसी मुळात प्रोग्रामिंग हा पेशा नसलेल्यांसाठीच घडवलेली. तो स्वभाव पायथॉनमध्ये उतरला आहे. रांगेबाहेर हात घातला की ती थांबते आणि तसं सांगते. आमच्या नोंदी देवनागरी आकड्यांत टाइप केलेल्या, त्याही तिनं '४७.५' अशा जशाच्या तशा वाचून संख्या म्हणून घेतल्या. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

मग ऑगस्ट २०१९ वर येऊन प्रोग्राम अडला. आकड्याच्या जागी रेघ होती. तिथं शून्य टाकून पुढं जाणं दोन सेकंदांचं काम. तुम्ही कीबोर्डवरचा हात काढलात, खुर्ची माझ्याकडं वळवलीत आणि विचारलंत, "गुरुजी, ही रेघ म्हणजे पाऊस नाही, की नोंद नाही?"

ताई, मापक ओढ्यापलीकडं आहे. त्या दिवसांत ओढा ओलांडताच आला नाही. म्हणजे रेघा आल्या त्या सगळ्यात जास्त पावसाच्या दिवशी. शून्य भरलं असतं तर महापुराचा तो आठवडा आमच्या हिशेबात कोरडा गेला असता. तुम्ही ऐकून घेतलंत आणि प्रोग्राममध्येच मराठीत टीप लिहिलीत: "ओढ्याला पाणी. मापकापर्यंत जाता आलं नाही. माहिती: गुरुजी." वर म्हणालात, "हे मला कुठून कळणार होतं?"

भाषा ताकदवान आहे म्हणून आमच्यासारख्यांना झेपणार नाही, हे मला आता कुणी पटवू शकणार नाही. चूक झाली की भाषा बोलते का, आणि शेजारचा माणूस ऐकतो का, एवढंच मी बघेन. वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या. समोरच्याला काहीतरी ठाऊक असेल असं धरून चालणारी माणसं मला फार थोडी भेटली.

यंदाच्या नोंदी मी स्वतः भरतो आहे. जूनमध्ये दोन रेघा आल्या. दोन्हींखाली टीप लिहिली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक