पाईपा बदलल्या आणि अर्थिंग गेलं, अध्यक्षसाहेबांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब, आपली सोसायटी, कोल्हापूर

नमस्कार काका,

ग्रुपवर टाकलं असतं पण तिथं गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातंय, म्हणून पत्रच देतोय. आठवडाभर आमच्या वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतायत. मला वाटलं हात ओला असेल, सोडून दिलं. परवा आई अनवाणी गेली, मशीनला हात लावला आणि ओरडलीच. मग वायरमनला बोलवलं. त्यानं मीटर लावला, फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यात 230 व्होल्ट, बरोबर. न्यूट्रल-अर्थ मात्र 108! तिथं दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसायला नको. म्हणजे तिसऱ्या पिनला अर्थची हिरवी वायर आहे, पण ती पुढं जमिनीपर्यंत पोचतच नाही.

कारण बाथरूमच्या वरच्या कप्प्यात सापडलं. बिल्डिंग झाली तेव्हा कुणीतरी अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाईपला क्लॅम्पनं आवळलेली. तसं करायचंच नसतं, पण पाईप जमिनीत गेलेली म्हणून इतकी वर्षं चालून गेलं. आणि दिवाळीत आपण सगळ्यांनी मिळून काय केलं, गळती थांबावी म्हणून खालनं वरपर्यंत प्लास्टिकच्या पाईपा टाकल्या. गळती थांबली, अर्थिंग पण थांबलं! भिंतीतले जुने लोखंडी तुकडे मात्र तसेच आहेत, त्यामुळं उद्या गिझरची कॉईल फुटली तर करंट नळाच्या तोटीलाच येणार बघा. आमच्या लाईनीतल्या बाकीच्या फ्लॅटमध्ये पण असंच असणार, एकदा बघून घ्या.

एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) आहे की, असं शेजारचे काका म्हणाले. अहो ती 16-32 अँपियरला बसलेली असते, माणसाला 30-40 मिलिअँपियर, म्हणजे अँपियरचे 30-40 हजारावे भाग, सुद्धा जड जातात. त्याला आरसीसीबीच पाहिजे, म्हणजे करंट गळाला की लगेच लाईन तोडणारा स्विच, 30 मिलिअँपियरची, ती आम्ही आमच्या खर्चानं बसवतोय. आणखी एक, कुणी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून घ्यायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. न्यूट्रल कुठं तुटला की फ्रिजपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांच्या बॉडीला फेज येतो.

आता सोसायटीचं काम. अर्थिंगचा खड्डा वॉचमनच्या खोलीमागं आहे, त्यावर पेव्हिंग ब्लॉक बसवलेत आणि ब्लॉकवर कुणाची तरी बंद पडलेली स्कूटर. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी आपल्या पार्किंगमध्ये उभं होतं, तेव्हापासून तो कुणी उघडलेला नाही. मीटर बोर्डाकडून खाली खड्ड्यात जाणारी अर्थची पट्टी मी बघून आलो, जमिनीलगत गंजून पापुद्रे सुटलेत, नखानं निघतात. खड्डा उघडून कोळसा-मीठ नवीन भरायचं, पट्टी बदलायची, अर्थ टेस्टरनं जमिनीच्या रोधाचं रीडिंग घ्यायचं आणि तिथनं प्रत्येक फ्लॅटपर्यंत वेगळी हिरवी वायर न्यायची. पंपाची मोटर थ्री फेज आहे, तिला दोन वेगळ्या अर्थ लागतात, सध्या एकच दिसते आणि ती पण ढिली.

नुसतं कोळसा-मीठ टाकून, पाणी ओतून, झालं म्हणणारा माणूस नको. रीडिंग लिहून सही करणारा, लायसन्सवाला बघा. पाऊस लागायच्या आत झालं तर बरं, कारण एकदा पार्किंगमध्ये पाणी आलं की खड्डा उकरणार कोण? रविवारी सकाळी मी घरीच आहे, मीटर घेऊन खाली येतो, तुम्ही फक्त ती स्कूटर कुणाची ते शोधून ठेवा.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा रहिवासी