साहेब, बाळंतिणीजवळ रात्री बसायला एक माणूस द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना राम राम.

साहेब, मी मेडिकलवाला आहे. परभणी आणि हिंगोलीच्या हद्दीवर एका तालुक्याच्या गावात माझं छोटं दुकान आहे, डी फार्म करून बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत रात्री अकरानंतर शटर वाजवून उठवणारी जी गिऱ्हाईकं आली त्यात एक तर पोटात दुखणारे असतात नाहीतर नवीन बाप. नवीन बाप लांबूनच ओळखू येतो, डोळे तारवटलेले, गाडी चालूच ठेवलेली, आणि मोबाइलमध्ये पावडरीच्या डब्याचा फोटो, जो दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या कुणीतरी दिलेला असतो. वाक्य ठरलेलं. "लेकरू अंगावर घेईना, दूधच उतरलं नाही, डबा द्या."

मी देतो डबा. तो विचारतो चमचा सपाट का शिगोशिग, मी सांगतो सपाट, तीस मिली पाण्याला एक, आणि पाणी उकळून. आता "पाणी उकळून" म्हणताना माझं मलाच कसंतरी होतं कारण आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, टँकरचं जे येतं ते कुठल्या विहिरीचं हे टँकरवाल्यालाही विचारायची सोय नाही, आणि लातूरला तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे तुम्हाला माहीतच आहे. त्या पाण्यात ती बाटली धुतली जाते. वर महिन्याच्या लेकराला चारशे ग्रॅमचा डबा चार-पाच दिवस जातो, मग तो पुरवायला म्हणून साठ मिलीला एकच चमचा पडायला लागतो. हे मला कुणी सांगत नाही, पण दुसरा डबा न्यायला बाप किती दिवसांनी आला यावरून कळतं.

डब्यावर कायद्यानं लिहिलेलं असतं की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये अजून कडक केला, त्यामुळं डब्यावर बाळाचा फोटो नाही, जाहिरात नाही. चांगला कायदा आहे, माझी तक्रार नाही. पण रात्री साडेअकराला ते वाक्य वाचून बापानं काय करायचं?

आता माझीच गोष्ट सांगतो म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हा नुसता उंटावरून शेळ्या हाकतोय.

तीन वर्षांपूर्वी माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली, एका सरकारी दवाखान्यात सिझर झालं. नाव घेत नाही, कारण ऑपरेशन चांगलं झालं, पैसा एक लागला नाही, आणि रात्रीच्या वॉर्डात ज्या सिस्टर होत्या त्या पूर्ण वॉर्डाला एकट्या होत्या, त्यांना काय बोलणार. मुलगी झाली, दोन किलो चारशे ग्रॅम, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. अशी थोडी आधी आलेली लेकरं झोपाळू असतात, दोनदा चोखतात आणि झोपतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. औषधाचा माणूस असून माहीत नव्हतं! बायकोच्या एका हाताला सलाईन, टाके ओढत होते, बसता येईना, पोरगी आडवी धरली की पाय टाक्यावर लागायचे. पोरगी तोंड बारीक उघडायची, नुसती बोंडशी टोकाला धरायची, सुटायची, रडायची. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तिला दूधच न्हाई हो, लेकरू उपाशी हाय, काहीतरी बघा." मी बघितलं. गाडी काढली, पन्नास किलोमीटर येऊन माझ्याच दुकानाचं शटर उघडलं आणि माझ्याच मांडणीवरचा डबा आणि बाटली उचलली.

दुसऱ्या दिवशी पोरगी बाटली गटागटा प्यायली, सगळे खूश. चौथ्या दिवशी बायकोची छाती दगडासारखी झाली, ताप आला, आणि आता अंगावर धरलं की पोरगी तोंडच फिरवायची. बाटलीत दूध आपोआप पडतं, अंगावर ओढावं लागतं, लेकरू शहाणं असतं साहेब, सोपं ते घेतं. आणि ते ओढत नाही तोवर आईचं दूध वाढत नाही, म्हणजे "दूध नाही" म्हणून डबा आणि डब्यामुळं दूध नाही, असं ते चक्कर.

पाचव्या दिवशी सुट्टी झाली. डिस्चार्ज कार्डावर एक रकाना होता, स्तनपानाबद्दल सल्ला दिला का, त्यापुढं बरोबरची खूण. खोटी नव्हती ती खूण, सिस्टर सकाळी जाता जाता "दर दोन तासाला पाजा बरं का" म्हणाल्या होत्या. भिंतीवर पोस्टर पण होतं.

माझे सासरे शेतकरी आहेत. सुट्टी झाली त्याच रात्री त्यांची गाय व्याली. वासरू उठेना, थानाला लागेना. सासरे कंदील घेऊन गोठ्यात बसले ते पहाटेपर्यंत, वासराच्या तोंडात बोट घालून चोखायला लावायचे, मग हळूच थान द्यायचे, पुन्हा सुटलं की पुन्हा. कारण वासराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे हे त्यांना आजोबापासून माहीत. उरलेल्या चिकाचा सकाळी खरवस झाला, तो मी खाल्ला. आणि माझ्या पोरीच्या वाट्याचा चीक तिच्या आजीनं दवाखान्यात पहिल्या दिवशी "पिवळं घाण दूध" म्हणून पिळून कापडाला पुसला होता. मला तो खरवस खाताना हे आठवलं आणि घास अडकला, खरं सांगतो.

सातव्या दिवशी आशाताई आली. सिझरवाल्यांकडं त्यांची पहिली भेट सातव्या दिवशीच धरलेली असते, साधं बाळंतपण असेल तर तिसऱ्या दिवशी, मग चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस. पिशवीतून वजनकाटा काढला, पोरगी दोन किलो दोनशे. काही बोलली नाही. लघवी किती वेळा होते विचारलं, अंग पिवळं आहे का उजेडात नेऊन बघितलं, जीभ वर उचलून खालची पट्टी आखूड तर नाही ना, टाळू फाटलेला तर नाही ना हे बघितलं, अर्ध्या मिनिटाचं काम. मग म्हणाली, "दाजी, तुमचं मेडिकल हाय ना, दहा मिलीचं इंजेक्शन हाय का एखादं? सुई नको."

बायकोची एका बाजूची बोंडशी आत ओढलेली होती. ताईनं नवीन सिरिंज फोडून घेतली, सुई लावायचं तोंड ब्लेडनं कापून टाकलं, दांडी काढून कापलेल्या बाजूनं उलटी घातली. म्हणजे गुळगुळीत कडा अंगाकडं. ती बोंडशीवर ठेवून बायकोला म्हणाली, तूच ओढ, हळू, दुखलं की सोड. अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, असं चार-पाचदा. दिवसाला अशा दहा सिरिंजा विकणारा मी बाजूला उभा राहून बघत होतो. मग गरम पाण्याच्या कापडानं शेक, थोडं दूध हातानं वाटीत काढलं, म्हणजे काळा भाग मऊ पडला, दगडावर कोण तोंड लावणार. मग पोरीला समोर आडवं न धरता बगलेखालून धरलं, पाय मागं, त्यामुळं टाक्यांना धक्काच नाही. नाक बोंडशीसमोर, वरचा ओठ बोंडशीनं हलकाच चाळवला, थांबली. पोरीनं तोंड उघडलं, ताई म्हणाली "अजून नाय." मग जांभईसारखं मोठ्ठं उघडलं आणि त्याच क्षणाला ताईनं बाळ अंगाकडं आणलं, अंग बाळाकडं नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वर जास्त दिसतो खाली कमी. दोन मिनिटांनी घोट गिळल्याचा आवाज आला, बारीक. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

पहिल्या दोन वेळा सुटली होती बरं का, हे तिसऱ्यांदा. एकूण सव्वा तास ताई जमिनीवर बसून होती. बाटली उचलून ठेवायला सांगितली, जे कमी पडेल ते काढलेलं दूध वाटी-चमच्यानं. डॉक्टरांना दाखवून तापाच्या गोळ्या घेतल्या, डबा एकदम न तोडता कमी करत नेला, महिन्याभरात बंद. तुम्हाला सांगतो, ताईनं जे केलं ते काही गुपित नाही, सगळं तुमच्याच प्रशिक्षणाच्या पुस्तकात असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे साहेब. माहिती आहे, योजना आहे, पण पहिल्या तीन रात्री खाटेजवळ बसायला माणूस नाही. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत शंभरातली ८८.६ बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि पहिल्या तासात आईचं दूध मिळालं फक्त ४१.८ टक्के लेकरांना. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत आली, आपण जिंकलो, आणि मग तिथंच तिला एकटी सोडली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं "मा" नावाचा कार्यक्रम आणला, दरवर्षी एक ते सात ऑगस्ट स्तनपान सप्ताह होतो, फ्लेक्स लागतो, रांगोळी स्पर्धा पण होते (रांगोळीनं कोणाचं लेकरू अंगावर लागलंय देव जाणे). लेकरू काही ऑगस्टच्या ऑफिस टायमात रडत नाही ना.

आणि हे जमतं आपल्याला, महाराष्ट्राला तर जमतंच. मुंबईत सायनच्या दवाखान्यात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात लेकरं वाचवून दाखवली, त्यावरूनच तर आशाताईंच्या या भेटी देशभर गेल्या. आमच्या मराठवाड्यातल्या बायका काय कमी हुशार आहेत का.

तर मागणी. जिथं बाळंतपणं होतात त्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात संध्याकाळी सात ते सकाळी सात फक्त पाजायला मदत करणारी एक बाई नेमा. नर्सच पाहिजे असं नाही, स्वतः पाजलेली, नीट ट्रेनिंग दिलेली, धीराची बाई पाहिजे. तिच्याकडं सलाईन, इंजेक्शन, रजिस्टर काही देऊ नका, नाहीतर आठ दिवसांत ती कारकून होते. आणि डिस्चार्ज कार्डावरचा तो "सल्ला दिला" रकाना काढून टाका, त्याजागी लिहा "एक पूर्ण पाजणं स्वतः बघितलं", खाली बघणारीची सही आणि वेळ. सही नाही तर सुट्टी नाही. सिझरवालीला सरकारी नियमानं सात दिवस फुकट राहता येतं, ते सात दिवस नुसते टाके वाळायला नसावेत. ज्याला खरंच वरचं दूध लागतं, शुगर उतरली, वजन फारच घटलं, आई आयसीयूत, त्याला डॉक्टरनं सांगून द्यावंच, मी डब्याच्या विरोधात नाही, माझं पोट त्यावर आहे. पण तो बापानं रात्री ठरवायचा निर्णय नाही.

अजून एक, ऊसतोडीवाल्यांचं. बीड, धाराशिव आणि आमच्याकडच्याही बायका दिवाळीच्या आगेमागे कोयत्यावर जातात, कुणाचं लेकरू वीस दिवसांचं असतं. ऑफिसातल्या बाईला सव्वीस आठवड्यांची रजा आणि हिला पाचटाच्या सावलीतली झोळी. फडात गेल्यावर हिला कोण शिकवणार, लेकरू गावात असतानाच अंगावर पक्कं लागलं पाहिजे, नाहीतर बाटली, आणि उसाच्या फडात बाटली उकळायची कशी. त्यांच्या गावच्या आशाताईला निघायच्या आधीच्या एका जादा भेटीचे पैसे द्या. सध्या सगळ्या भेटी मिळून एका लेकरामागं अडीचशे रुपये ठरलेले आहेत, तेही वेळेवर येत नाहीत असं आमच्या ताई म्हणतात. सव्वा तास जमिनीवर बसायचे त्यातले किती येतात तुम्हीच हिशोब करा.

मी माझ्यापुरतं एक केलंय. रात्री डबा मागायला बाप आला की आधी विचारतो, लेकरू कितव्या दिवसाचं, लघवी किती, जागं होतं का. सुस्त असेल तर डबा नाही, सरळ दवाखाना, आधी फोन लावून देतो. बाकीच्यांना आशाताईचा नंबर देतो. परवा एकजण आला, सेलूकडचा, पाच दिवसांचं लेकरू, रात्रीचे पावणेबारा. ताईला फोन लावला, ती म्हणाली "उजाडायच्या आत येते, तवर वाटीत काढून चमच्यानं पाजा म्हणावं." सकाळी साडेपाचला नवऱ्याच्या गाडीवर गेली, अठरा किलोमीटर. ते गाव तिच्या हद्दीत नाही, त्यामुळं ही भेट तिच्या कुठल्याच रजिस्टरला लागणार नाही. पेट्रोलचे शंभर रुपये मी द्यायला गेलो तर म्हणाली, दाजी, राहू द्या, लेकरानं धरलं.

आपला,
एक मेडिकलवाला