डाव्या हाताचा अंगठा

निपाणी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू विचारलंस, "पप्पा, पणजीचं माहेरचं नाव काय?" आणि मी "सांगतो की सावकाश" म्हणून वेळ मारून नेली. खरं म्हणजे मलाच ठाऊक नव्हतं. जिच्या मांडीवर मी वाढलो तिला मी आज्जी म्हणायचो, गल्ली काकू म्हणायची, रेशनकार्डावर सासरचं नाव. माहेरचं नाव लग्नाच्या दिवशीच ताटातल्या तांदळाखाली गेलं.

आधी घराण्याची वंशावळ सांगणाऱ्या हेळव्याला गाठलं. माझ्या लहानपणी यांचा म्हातारा बैलावरून यायचा, हा मोटारसायकलवर येतो. आपल्या सात पिढ्या त्यानं घडाघडा म्हटल्या. मूळपुरुष, त्याचे चार मुलगे, कोण कुठं जाऊन राहिला. त्यात बाई एकही नाही. "बायकांचं त्यांच्या माहेरच्या हेळव्याकडं," म्हणाला आणि जोंधळे घेऊन गेला. त्या वहीत तरी लेकी असतात का, हे विचारायचं राहिलंच.

मग जमिनीचे कागद काढले. 1956 च्या 1 नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, त्यामुळं आपल्या एका गट्ठ्यात तीन लिप्या आहेत: जुनं मोडीत, मधलं बाळबोध, पुढचं कन्नडात. माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं, आणि मोडी शून्य. कोल्हापुरातल्या एका गुरुजींकडं नेलं. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं बघायचं. गुरुजींनी भिंग लावून 1944 चा वारसाचा कागद वाचला. आजोबा मयत. वारस मुलगा, वय 6, अज्ञान. अ.पा.क. आई. म्हणजे अज्ञानाची, अल्पवयीन पोराची, पालनकर्ती. चोवीस वर्षांची पालनकर्ती! खाली तिच्या डाव्या हाताचा अंगठा.

त्यानंतरची वीस वर्षं तिनं तंबाखूच्या वखारीत काढली. याचा मात्र कागदाचा चिटोराही नाही. चाळण मारायची, काडी वेगळी करायची, संध्याकाळी वजनावर मजुरी. अंघोळ केली तरी लुगड्याच्या पदराला तो उग्र वास असायचाच. आम्ही पोरं शिंकायचो आणि ती हसायची.

आत्तीला विचारलं तेव्हा ती सहज बोलून गेली, "आई चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं मापं मांडायची. मुकादम मारून खाईल म्हणून. दिवाळीला चुना लावला की हिशोब पुसला." मी म्हटलं, आत्ती, तिला लिहायला येत होतं? "न यायला काय झालं? शाळंत गेलती की ती."

गाव आत्तीकडूनच कळलं. दूधगंगेपलीकडं, कागल तालुक्यात. तेव्हाचं कोल्हापूर संस्थान. शाहू महाराजांनी 1917 सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. तिच्या लग्नात हा प्रवास संस्थानातून ब्रिटिश मुलखात येण्याचा होता. पुढं त्याच रस्त्यावर दोन राज्यांची हद्द आली. माहेर महाराष्ट्रात, सासर म्हैसुरात, आणि मध्ये जेमतेम तासाभराची एसटी.

तिथल्या शाळेत हेडमास्तरांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढून दिलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण तिची ओळ शाबूत. इयत्ता चौथी. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचं साल 1932. कारण: लग्न. मी बराच वेळ त्या 'वर्तणूक चांगली' वरच अडकून बसलो, का कोण जाणे.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. आत्तीच्या मामांच्या, म्हणजे आज्जीच्या भावाच्या, घरी तिचा आणखी एक कागद निघाला, 1958 ची हक्कसोड. 1956 चा वारसा कायदा आला, बापाच्या मिळकतीत लेकींना वाटा मिळाला, आणि गावोगावच्या भावांनी बहिणींना गोडीनं बोलावून घेतलं. आज्जीही गेली. तिथंही डाव्या हाताचा अंगठा. चौथीपर्यंत शिकलेली, भिंतीवर मापं मांडणारी बाई सही का करत नाही? कारकुनानं न विचारताच शाईचा पॅड पुढं केला असेल. किंवा तिनंच पेन घेतलं नसेल. आत्ती म्हणते, "माहेर तुटू नये म्हणून गेली. येताना मामानं लुगडं नेसवलं." हिरवं होतं, एवढं आत्तीच्या अजून ध्यानात आहे. जमीन किती सोडली ते विचारलं, तर म्हणाली, "तुला काय करायचंय आता?"

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे फोटो टाकलेत. कन्नडातली दोन पानं आहेत, तेवढी वाचून मला अर्थ सांग. बेंगळुरूत राहून तुला ती जमतील. रजिस्टरच्या पानावर वरून सातवी ओळ बघ. ते नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. आत्तीलाही अजून सांगितलेलं नाही. आपल्या आईचं ते नाव तिनं तरी कुठं ऐकलंय? रविवारी फोन कर, मी तिच्याजवळ बसलेला असेन, तूच तिला वाचून दाखव. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं वाच.

तुझा,
पप्पा