टॅब दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? आई-बाबांना पत्र

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

टॅबचं बोलणं फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते. दुकानदार "जुना झाला, नवा घ्या" म्हणतो त्यात त्याच्या विक्रीचा हिशेब आहे. बाबा "अजून दहा वर्षं चालेल" म्हणतात त्यातही दम नाही. टॅब २०२० सालचा, दहा इंची, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. पण वयावरून ठरवू नका, बिघडलंय काय ते आधी बघू. तुमच्या तक्रारी चार: तीस टक्के दिसत असताना बंद पडतो, चार्जिंगला रात्र जाते, तरुण भारतचा ई-पेपर उघडताना अडकतो, आणि कोपऱ्यातला तडा. चौघांची कारणं वेगळी आहेत आणि खर्चही वेगळे.

पत्र वाचून झालं की आधी एक तपासणी करा. टॅब बंद करून कव्हर काढा आणि काच वर करून सपाट फरशीवर ठेवा. कोपऱ्यांवर बोट टेकवलं की डुगडुगतो का? कडेला काच उचलल्यासारखी दिसते का, नख जाईल एवढी फट आहे का? पडद्याच्या मध्यावर कुठं फिकट डाग पडलाय का? यातलं काही असेल तर बॅटरी फुगली आहे. लिथियम बॅटरी जुनी झाली की आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू साठतो आणि तिचं पाकीट फुगतं. अशा वेळी चार्जिंग तिथंच थांबवा. दाबून काच बसवायचा प्रयत्न नको, टाचणी टोचणं तर नकोच नको, आणि उन्हातल्या गाडीच्या डिकीतही ठेवू नका. बेळगावला दुरुस्तीला नेईपर्यंत पत्र्याच्या डब्यात, खाली कोरडी वाळू घालून, पडवीत ठेवा. फुगलेली नसेल तर पुढचं सावकाश वाचा.

चार्जिंगचा दोष बहुतेक वेळा टॅबचा नसतोच. बाबा, तुम्ही फोनचा छोटा चार्जर लावता ना? त्यावर बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असतं ते वाचा. ५ व्होल्ट १ अँपिअर असेल तर तो ५ वॉटचा झाला. दहा इंची टॅबची बॅटरी साधारण ७,००० एमएएच, म्हणजे २७ वॉट-तासांच्या आसपास. तिला ५ वॉटनं भरायचं तर नुसत्या भागाकारानंच साडेपाच तास होतात. थोडी वीज उष्णतेत जाते आणि शेवटच्या वीस टक्क्यांत चार्जिंग मुद्दाम मंदावतं, म्हणून सात तास सहज लागतात. त्यात वर भजन लावून ठेवलं तर पडदा आणि स्पीकरच तीन-चार वॉट खातात, मग भरणार कधी? हेच ९ व्होल्ट १.६७ अँपिअरच्या, म्हणजे १५ वॉटच्या चार्जरनं तीन तासांत होतं. केबलही बदलून बघा. बारीक तारेची स्वस्त केबल वाटेतच व्होल्ट खाते.

तरी फरक पडला नाही तर चार्जिंगच्या (टाइप-सी) भोकात टॉर्चचा झोत टाकून बघा. केबल पूर्ण आत न बसता मिलिमीटरभर बाहेर राहत असेल तर आत कापसासारखा कचरा दाबून बसलेला असतो. टॅब बंद करा आणि लाकडी दातकोरणीनं कडेकडेनं अलगद उकरा. सुई किंवा सेफ्टी पिन नको, कारण मध्ये जी पातळ पट्टी आहे तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून चोवीस टोकं असतात. त्यातली दोन एकमेकांना टेकली की टॅबचा मुख्य सर्किट बोर्डच जाऊ शकतो. तोंडानं फुंकरही नको, ओल जाते. आपल्याकडं पावसाळ्यात थेंबाचं चिन्ह येऊन चार्जिंग थांबतं, तेव्हा पंख्याखाली चार-पाच तास ठेवलं की पुरे. तांदळाच्या डब्यात पुरायची पद्धत सोडा, तांदळाचं पीठ आणि कणी भोकात जाऊन बसते.

आई, तुला चार्जिंगला लावल्यावर टॅब आपोआप बटणं दाबतो असं वाटतं, ते भूत चार्जरचं आहे. हलक्या दर्जाचा चार्जर वीज नीट गाळत नाही आणि तो गोंधळ टचपर्यंत पोचतो. केबल काढल्यावर हे थांबत असेल तर चार्जर बदला, पडद्याला हात लावू देऊ नका. कुणी त्याच लक्षणावर टच बदलायला सांगितलं तर दुकान बदला.

आता तीस टक्क्यांवर बंद पडण्याचं. बॅटरी म्हातारी होते तसा तिचा अंतर्गत विरोध वाढतो. टाकीत पाणी आहे पण पाइपात गाळ साचलाय, त्यामुळं नळ पूर्ण सोडला की धार तुटते, तसलाच हा प्रकार. वाचताना थोडीच वीज लागते, म्हणून टॅब चालतो. व्हिडिओ कॉल लावला की एकदम जास्त मागणी येते, व्होल्टेज साधारण ३.४ च्या खाली घसरतं आणि टॅब स्वतःला बंद करून घेतो. पडताळा सोपा आहे. तीस टक्के असताना उजेड कमी करून नुसता पेपर वाचा. त्यात टिकला आणि कॅमेरा उघडल्यावर पडला, तर दोष बॅटरीचा. मात्र आधी एकदा पूर्ण भरून, बंद पडेपर्यंत वापरून, बंद अवस्थेतच शंभर टक्के भरा. टक्के दाखवणारा मोजमापाचा भाग चुकला असेल तर त्यानं सुधारतो. हे एकदाच करायचं, रोज केलं तर बॅटरी आणखी झिजते. दुसरा पडताळा रात्रीचा: शंभर टक्के भरून, विमान मोडवर टाकून झोपा. सकाळी दोन-पाच टक्के कमी झाले तर ठीक. पंधरा-वीस उतरले तर बॅटरी तरी गेली किंवा बोर्डवर वीज गळते, आणि गळतीची दुरुस्ती या टॅबला करू नये.

अडकण्याचा बॅटरीशी संबंध नाही. ३२ जीबीतली बरीचशी जागा सिस्टीमच घेते, उरलेली व्हॉट्सअ‍ॅपनं भरते. या दर्जाच्या टॅबमधली मेमरी काठोकाठ भरली की लिहायला फार वेळ घेते. पाच-सहा जीबी मोकळे हवेतच. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथं मोठ्या फायली वरच दिसतात. सुप्रभातचे व्हिडिओ पुसा आणि आपोआप डाउनलोड बंद करा. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप टॅबवर फोनला जोडूनच चालतं, त्यामुळं इथं पुसलेलं फोनवरूनही जाऊ शकतं, ठेवायचं असेल ते पुसू नका. शिवाय फोन चौदा दिवस वापरला नाही तर टॅबवरचं आपोआप सुटतं. एवढं करून वेग आला तर ठीक. नाही आला तर समजा की ३ जीबी रॅमची हीच मर्यादा आहे. रॅम बोर्डवर सोल्डरनं पक्की बसवलेली असते, वाढवता येत नाही. कुणी वाढवून देतो म्हणाला तर ऐकू नका.

तडा कोपऱ्यातच असेल आणि शाईसारखा काळा डाग पसरत नसेल तर वरून टेम्पर ग्लास लावून वापरा. टच तपासायला एखादं आयकॉन दाबून धरून सगळ्या पडद्यावर आडवं-उभं फिरवा. एखाद्या पट्ट्यात सुटलं तर तिथला टच मेला. मग काच, टच आणि डिस्प्ले मिळून अख्खा फोल्डर बदलावा लागतो. नुसती काच बदलून देतो म्हणणारे आहेत, पण तिन्ही थर चिकटवलेले असले की काच सोलताना डिस्प्ले जायची भीती मोठी.

एक गोष्ट पैसे टाकूनही दुरुस्त होत नाही, ती म्हणजे अपडेट. सेटिंग्जमध्ये टॅबलेटविषयी, मग सॉफ्टवेअर माहितीत अँड्रॉइडचा क्रमांक आणि सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीख दिसेल. क्रोम ब्राउझरनं २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ ची साथ सोडली. १० वर आज चालतंय, पण त्याचीही पाळी येईल. पॅच दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर बँक, यूपीआय आणि पेन्शनची कामं टॅबवरून काढा, ती फोनवरच करा. पेपर, भजनं, कीर्तन, नातवंडांचे व्हिडिओ कॉल यांना हरकत नाही.

आता हिशेब. दुरुस्त केला तरी हा टॅब आणखी दोन वर्षं धरा, त्यापुढं नाही. बॅटरी मजुरीसकट २,५०० मध्ये झाली तर चोवीस महिन्यांना वाटून महिन्याला १०४ रुपये पडतात. नवा १५,००० चा घेऊन पाच वर्षं वापरला तर महिन्याला २५०. म्हणजे एकट्या बॅटरीसाठी दुरुस्ती खुशाल करा. मी तर ४,००० पर्यंत हो म्हणेन. पण बॅटरी आणि फोल्डर मिळून ७,००० सांगितले तर महिन्याला २९० पेक्षा जास्त, नव्यापेक्षा महाग, आणि अपडेट जुनेच. मुख्य बोर्ड किंवा चार्जिंगची आयसी (चिप) गेली म्हणाले तर भाव विचारायचीही गरज नाही, नमस्कार करून बाहेर या. चार्जिंगचा नुसता छोटा बोर्ड वेगळा निघत असेल तर मात्र ते काम स्वस्तात होतं, तेवढं विचारून घ्या.

दुकानात जाताना मॉडेल नंबर लिहून न्या, तो मागच्या बाजूला बारीक छापलेला असतो. सिमवाला आणि बिनसिमचा नंबर शेवटच्या आकड्यानं वेगळा असतो, आणि भागही कधी वेगळे लागतात. टॅबची बॅटरी पंचवीस टक्क्यांखाली आणून न्या. भरलेल्या बॅटरीला चुकून धक्का लागला तर आगीचा धोका जास्त. मेमरी कार्ड आणि सिम काढून ठेवा. आधार, पासबुक आणि उताऱ्याचे फोटो आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन टॅबवरून पुसा. लॉकचा आकडा कागदावर लिहून देऊ नका. तपासताना समोर बसून तुम्हीच उघडून द्या.

काम असं होतं. कडा साठ-ऐंशी अंशांपर्यंत गरम करून गोंद मऊ करायचा, प्लास्टिकच्या पिकनं, म्हणजे पातळ टोकदार पातीनं, कड सोडवायची, पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग चिकटवलेली बॅटरी अल्कोहोलचे थेंब सोडून प्लास्टिक कार्डानं उचलायची. गडबडीत पिक जास्त आत गेली की डिस्प्लेची किंवा बटणांची स्ट्रिप (पातळ चपटी केबल) तुटते. बॅटरी बदलून आणली आणि आवाजाचं बटण मेलं, असं होतं ते त्यामुळंच. कुणी लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं बॅटरी उपसायला लागला तर थांबवा. चिकटवून बंद करण्याआधीच चार्जिंग, टच, दोन्ही कॅमेरे, माइक आणि स्पीकर तपासून घ्या.

नव्या बॅटरीवर आयएस १६०४६ (बॅटरीच्या सुरक्षेचं भारतीय मानक) आणि बीआयएसचा आर-नं सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो, तो बघा. बनवल्याची तारीखही बघा. दोन-तीन वर्षं दुकानात पडून राहिलेली बॅटरी न वापरताच म्हातारी होते. जुन्या ७,००० च्या जागेत, त्याच मापात, १०,००० एमएएच लिहिलेली आली तर ती खोटी आहे हे न उघडताच समजा. भाग बेळगावात नाही, बाहेरून मागवतो म्हणाले तर पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. पावतीवर भागाचं नाव आणि किमान तीन महिन्यांची हमी लिहून घ्या. पावती कन्नडमध्ये मिळाली तरी चालेल, गुगल लेन्सनं वाचता येईल.

नवा घ्यायची वेळ आली तर बारा ते वीस हजारांत बरा मिळतो. ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, अकरा इंचांच्या जवळपास. अपडेटची वर्षं तुम्ही घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत, मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. म्हणून तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल दिवाळीत अर्ध्या किमतीत आलं तरी मोह नको. बाबा, मागच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे का हे दुकानात कागद धरूनच तपासा. तो नसला की पंचायतीच्या नोटिशीतली बारीक कन्नड अक्षरं पुसट येतात आणि लेन्सला मराठी करता येत नाही. आईच्या वायरच्या इअरफोनसाठी गोल भोक हवं, ते आता बऱ्याच टॅबमध्ये नसतं. डब्यात चार्जर आहे की नुसती केबल, तेही विचारा.

जुना बदल्यात देताना आधी सेटिंग्जमधून गुगल खातं काढा, नंतर फॅक्टरी रीसेट मारा. खातं न काढता रीसेट मारलं तर तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागत अडकून बसू शकतो आणि दुकानदार किंमत पाडतो. काढलेली बॅटरी भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत जुन्या बॅटऱ्या पुनर्वापराला पोचवायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर द्या.

फरशीवरची तपासणी झाली की मागचा नंबर आणि चार्जरवरचा आउटपुट, दोन्हींचे फोटो पाठवा. त्यावरून बॅटरीचं मॉडेल शोधून दुकानात काय विचारायचं ते मी कळवते.

तुमची लेक

ता. क. वळवाचे दिवस आहेत. वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, चार्जर सॉकेटमधून उपसून ठेवा. लाईट गेली असेल तेव्हाही उपसा, कारण हेस्कॉमची (आपल्या वीज कंपनीची) लाईट परत येतानाचा झटका स्वस्त चार्जरला सोसत नाही.