काका, तुमची पेन्सिल अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पत्र पाठवायचं म्हणजे हसूच येतं. पण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं आधण ठेवता आणि विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

बाबा गेल्यावर मी त्यांच्यावर कथा लिहायला घेतली. चांगले पैसे मोजून दोन दिवसांची लेखन कार्यशाळाही केली. तिथं शाळेतलाच तक्ता पुन्हा हातात पडला: उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. शिकवणाऱ्या गृहस्थांनी माझी कथा उभ्या उभ्या चाळली, "भावना पोचत नाहीत, अजून अलंकार घाला" म्हणाले आणि जेवायला गेले. मग काय, घातले! दुःखाचा डोंगर कोसळवला, अश्रूंना महापूर आणला, भिंतींनासुद्धा हुंदके द्यायला लावले.

तुमची हयात प्रुफं तपासण्यात गेलेली. मला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ बघून द्याल. तुम्ही चष्मा पुसलात आणि अख्खी कथा मोठ्यानं वाचलीत, प्रुफं वाचावीत तशी, एका सुरात. डोंगर येईपर्यंत मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायला लागलं होतं. कागद खाली ठेवून तुम्ही एवढंच विचारलंत, "त्या दिवशी बाबांच्या चपला कुठं होत्या गं?"

दाराशी. उजवीचा अंगठा तुटलेला, बाबांनीच तांब्याच्या तारेनं बांधलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी त्या सरकत सरकत कोपऱ्यात गेल्या होत्या. दहाव्यापर्यंत कुणी उचलल्या नव्हत्या.

सांगता सांगता माझा आवाज गेला. तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत, टोक स्वतःकडे करून माझ्यापुढे धरलीत आणि आधण बघायला आत गेलात. आत बराच वेळ कपबशा वाजत होत्या. दोन कप चहाला एवढा वेळ लागत नाही, काका. मला ते तेव्हाच कळलं होतं.

बाहेर आलात तेव्हा पान भरलं होतं. ते वाचायला न मागता तुम्ही कोडं घातलंत: हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली. भेंडी, मी म्हटलं. "बघ, पेटी आहे, मोती आहेत, भेंडीचं नाव कुठंय? उपमेय गिळलंय. तू मात्र डोंगराच्या आधीच 'दुःख' लिहून मोकळी झालीस." मग ११व्या शतकातला काव्यशास्त्रकार मम्मट निघाला. 'सूर्य मावळला' एवढ्याच वाक्यात गुराख्याला गुरं वळवायची वेळ ऐकू येते, व्यापाऱ्याला माल आवरायची, प्रियकराकडे निघालेलीला निघायची. शब्दांत न सांगितलेला अर्थ असा सुचवण्याला व्यंजना म्हणतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते. पण आई "दिवेलागण झाली" म्हणायची आणि आम्ही निमूट हातपाय धुवायला पळायचो, तीसुद्धा व्यंजनाच, हे तुमच्याकडच्या मोडक्या खुर्चीत बसून कळलं.

कार्यशाळेचं प्रमाणपत्र मिळालंय, छान जाड कागदाचं आहे. तुम्ही फी घेतली नाहीत, मीच तुमचा दुपारचा झोपेचा वेळ खाल्ला. दुसऱ्याचं लिखाण शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं आणि रडणाऱ्याला जरा एकटं सोडणं, या दोन गोष्टी ज्याला जमतात असा माणूस माझ्या बघण्यात तरी दुसरा नाही.

डोंगर, महापूर, हुंदके सगळे गेले. नऊ पानांची कथा चार पानांवर आली. एक 'जणू' मात्र ठेवलाय, त्यावर आपलं भांडण होणार.

रविवारी चारला येते. आधण मी ठेवीन. पेन्सिल परत आणणार होते, पण आता ती बोटभरच उरलीय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची